धावण्याआधीचा नंबर

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस माझ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्या मदतीला म्हणून शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी सहा आठवडे न्यू जर्सीत जाऊन राहिलो. मदत कसली! पोळ्या मला लाटता येत नाहीत आणि तिकडच्या रस्त्यांवर मोटार हाकण्याची छाती मला नाही. तेव्हा माझ्या वाट्याला एकच काम आले. रात्रीच्या जेवणाला दाजी आणि माझा भाचा यांच्यात जो वाद रंगे, त्यात पंच म्हणून बसायचे.

वाद असा. भाचा अकरावीत आहे आणि शाळेच्या क्रॉसकंट्री संघातून धावतो. त्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मोसमातली एकही शर्यत झालेली नसताना, राज्यातल्या शाळांची एक क्रमवारी प्रसिद्ध झाली होती. तीत याच्या शाळेला चौथा नंबर दिलेला होता. दाजी खूश होते. कचेरीत त्यांनी दोघा-तिघांना सांगितलेही होते. भाचा मात्र म्हणे, "बाबा, आम्ही अजून धावलोच नाही. चौथा नंबर कशात आला?"

मी आधी भाच्याच्या बाजूने झुकलो, हे सांगायला हवे. लग्नाआधी बारशाचे पेढे वाटावेत तसा तो प्रकार मला वाटला. पण पंचाला खेळ समजला पाहिजे, म्हणून मी तो समजून घेऊ लागलो, आणि जसजसा समजत गेला तसतसा माझा निकाल डळमळू लागला.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. मैदानातल्या आखलेल्या पट्ट्यांवर न धावता गवत, माती, झाडी, चढउतार यांतून सुमारे ५ किलोमीटर धावायचे. एका शाळेची सात मुले धावतात. त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक बेरजेला धरतात आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. पहिले पाचही नंबर एकाच शाळेने पटकावले तर १५ होतात. त्याहून कमी होऊच शकत नाहीत. सहावा आणि सातवा गडी बेरजेत नसतो, पण तो दुसऱ्या शाळेच्या गड्याच्या पुढे आला तर त्याला एकेक नंबर मागे ढकलतो. म्हणजे फुकट कुणीच धावत नाही. हे मला फार आवडले.

आकडेमोडीत मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलो नाही, पण बेरीज येते. भाच्याने एका रात्री कागदावर मला एक गंमत करून दाखवली. मोठी शर्यत आहे, पुष्कळ शाळा आहेत. एका शाळेची मुले १, २, ३, २० आणि ४१ या क्रमांकांवर आली, बेरीज ६७. दुसरीची ८, १०, ११, १३ आणि १५ वर, बेरीज ५७. दुसरी शाळा जिंकली. आता बाकीच्या सगळ्या शाळा पुसून टाका आणि या दोघींच्याच मुलांना त्याच क्रमाने पुन्हा नंबर द्या. पहिलीची मुले १, २, ३, ९, १० झाली, बेरीज २५. दुसरीची ४ ते ८, बेरीज ३०. आता पहिली जिंकली! पाय तेच, दम तोच, कोण कुणाच्या पुढे हेही तेच. आणि तरी श्रेष्ठ कोण, याचे उत्तर मधे आणखी माणसे उभी आहेत की नाहीत यावर फिरले. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. आम्ही कादंबऱ्या लिहिणारी माणसे "कोण थोर, कोण सामान्य" यावर शेकडो पाने खर्च करतो. पण थोरपणा बाजूला उभ्या असलेल्यांवरही ठरतो, हे इतक्या थोडक्यात मला कुणी दाखवले नव्हते.

मग ऑगस्टमधली ती यादी करतात कशी? गेल्या वर्षीच्या वेळा घ्यायच्या, बारावी होऊन गेलेली मुले वजा करायची, उरलेल्यांची बेरीज मांडायची. यात एक अडचण अशी की वेळेची तुलना होत नाही. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कात शाळेची मुले अडीच मैल धावतात आणि वाटेत टेकड्यांचे चढउतार लागतात. इलिनॉय राज्याची अंतिम शर्यत पिओरियाच्या सपाट बागेत तीन मैलांची असते. न्यू जर्सीच्या होल्मडेल पार्कात ५ किलोमीटर, आणि तिथे वाटीसारखा खोल उतार उतरून पुन्हा वर चढायचे असते. यावर न्यूयॉर्क राज्यातल्या एका गृहस्थांनी तोड काढली आहे. प्रत्येक मैदानाचा आणि त्या दिवसाच्या हवेचा हिशेब करून ते मुलाला एक आकडा देतात. ३ सेकंदांना १ गुण. ही युक्ती त्यांनी घेतली घोड्यांच्या शर्यतीतून. ती चांगली चालते, असे तिकडचे जाणकार म्हणतात, आणि मला त्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण घोड्याला आपला आकडा वाचता येत नाही. मुलाला येतो. पावसाचा अंदाज पावसाला कळत नाही, म्हणून तो पडायचा तितकाच पडतो. चौथ्या नंबरची बातमी मात्र त्या सातही मुलांनी वाचलेली असते, आणि वाचलेले मूल आणि न वाचलेले मूल ही दोन वेगळी मुले असतात.

सप्टेंबरात पहिली मोठी शर्यत झाली. मीही गेलो. ऊन आपल्या ऑक्टोबरसारखे होते. दोरीपलीकडे आईबापांची गर्दी. हातात थंड पाण्याच्या बाटल्या आणि तोंडी आकडे. प्रशिक्षकांनी मुलांना सांगून ठेवले होते की पहिले दोन मैल सगळ्यांनी घोळक्याने, हात राखून धावायचे, खरी शर्यत नोव्हेंबरात आहे. मुलांनी ऐकले, आणि शाळा बरीच मागे पडली. पुढच्या आठवड्याच्या यादीत ती चौथ्यावरून अकराव्यावर गेली.

त्या रात्री जेवताना जे घडले ते पाहून मला हसू आवरेना. दाजी म्हणाले, "सप्टेंबरातल्या शर्यतीला काय अर्थ आहे? पोरं मुद्दाम सावकाश धावली. यादी करणाऱ्याला अक्कल पाहिजे." आणि भाचा म्हणाला, "बाबा, धावलो तसा नंबर आला. आता बरोबर आहे." दोघांनी न कळत एकमेकांच्या खुर्च्या बदलल्या होत्या! तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की नंबर या एकाच शब्दात हे दोघे दोन निराळ्या गोष्टी बोलत होते. भाच्याला नंबर म्हणजे झाल्या कामाची पावती वाटे. दाजींना तो होणाऱ्या गोष्टीचे भविष्य वाटे. पावती उशिरा मिळते, पण खोटी नसते. भविष्य लवकर मिळते आणि सगळी भूक त्याचीच असते.

ही भूक काही नवी नव्हे. अमेरिकेत शालेय संघांची राष्ट्रीय शर्यत सुरू झाली ती २००४ साली, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला. त्याआधी मार्क ब्लूम नावाचे पत्रकार देशभरातल्या शाळांची क्रमवारी कागदावर लावीत, आणि अनेक शाळा उभ्या आयुष्यात समोरासमोर येत नसल्यामुळे ती कागदी क्रमवारी हाच अखेरचा निकाल असे. पहिल्या वर्षी मुलांत जिंकली ती शिकागोजवळच्या एल्महर्स्ट गावची यॉर्क शाळा. तिचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी पन्नासहून अधिक वर्षे मुले घडवली आणि २८ वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळवले. पण मला त्यांची निराळीच गोष्ट भावली. त्यांच्या संघात शे-दीडशे मुले असत, मंद म्हणून कुणाला काढीत नसत, आणि रोज प्रत्येकाशी हस्तांदोलन केल्याशिवाय त्याला घरी सोडीत नसत. यादीत सात मुले मावतात. न्यूटन यांच्या हाताला शंभरावा मुलगाही लागत असे.

आता खरे दुखणे. ऑगस्टच्या यादीत भाच्याच्या शाळेतल्या एका मुलाचे नाव वैयक्तिक क्रमवारीतही वर छापले होते. उंच, अबोल पोरगा. एकदा घरी जेवायला आला तेव्हा पाय आखडून बसला होता. त्याच्या नडगीचे हाड दुखत होते. तीन आठवडे तो कुणालाही, आईलाही, बोलला नाही. कारण यादीत नाव होते. अखेर डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर गेल्याचे सांगितले आणि त्याचा मोसम संपला. त्या यादीखाली आणखी एक ओळ होती: या शाळेला पाचवा गडी नाही. तो नसलेला पाचवा गडी म्हणजे माझा भाचा. त्याने ती ओळ कातरून पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवली होती, आणि पहाटे साडेपाचला उठून तो एकटा धावायला जात होता. एकाच कागदाने एकाचे हाड मोडले आणि दुसऱ्याला उभे केले. याचा निवाडा पंचाने कसा द्यावा?

शिवाय हा पंच स्वतः निर्मळ नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दरवर्षी रेखाकला परीक्षेचे, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे, अर्ज भरण्याची वेळ आली की कुणाला बसवायचे आणि कुणाला नाही, याची यादी मीच करतो. जूनमध्ये चार कागद पाहिले की माझी यादी मनात तयार असते. एका मुलीला मी वर्गात सर्वांदेखत म्हणालो होतो, "तुला ए ग्रेड ठरलेलीच." त्या दिवसापासून तिने चुकण्याचे धाडस सोडले. जे हमखास जमे तेच काढी. रंग सांडला की रडे. तिला ए ग्रेड मिळाली, आणि पुढच्या वर्षी तिने ब्रश हातात घेतला नाही. त्याच वर्गातल्या एका मुलाच्या बापाला मी सांगितले की याच्या हातात चित्रकला नाही, फीचे पैसे वाया घालवू नका. पुष्कळ वर्षांनी तो मला एका गॅरेजात भेटला. गॅरेज त्याचेच. माझ्या स्कूटरचे पैसे घेईना. म्हणाला, "सर, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून माझा वेळ वाचला." हे उपकार मानणे होते की टोमणा, ते मला आजतागायत उलगडलेले नाही. त्याच्या दारावरचा दुकानाचा फलक हाताने रंगवलेला होता. कुणी रंगवला हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दाजींना मी एकदा अविनाश साबळेचे उदाहरण दिले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा लहानपणी सहा-सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जाई. खेळाडू म्हणून तो लष्करात गेल्यावर घडला. आधी क्रॉसकंट्री, मग ३००० मीटर स्टीपलचेस, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. त्याच्या सोळाव्या वर्षी कुणी यादी केली असती, तर तीत त्याचे नाव आले असते का? दाजी शांतपणे म्हणाले, "नसतं आलं. पण यादी असती तर एखाद्या प्रशिक्षकानं मांडव्यापर्यंत जाऊन पाहिलं तरी असतं." मला उत्तर सुचले नाही. यादी नसणे म्हणजेही कुणाचे तरी नाव कायमचे न दिसणे असू शकते, हा विचार मी केलेला नव्हता.

निघण्याच्या आदल्या रात्री मी निकाल दिला. धावलेल्या शर्यतींवरून शाळांचे नंबर खुशाल लावावेत. मोठी माणसे भांडतील, भांडू द्यावे, तो त्यांचा करमणुकीचा हक्क आहे. पण न धावलेल्या शर्यतीसाठी सोळा वर्षांच्या मुलाचे नाव छापू नये. अंदाज चुकला तर छापणाऱ्याचा एक कागद वाया जातो. मुलाचा एक मोसम जातो, आणि त्याच्याकडे असे मोसम चारच असतात. दाजींनी मान डोलावली. बहीण स्वयंपाकघरातून काठी टेकत येऊन म्हणाली, "दादा, शाळेत पण असाच वागत जा." भाचा तेवढा कबूल होईना. "नाव नसेल तर मी कुणाला गाठायचं, मामा?" तो म्हणाला. "समोर कुणीतरी पाहिजे ना?"

नोव्हेंबरात होल्मडेलला राज्याच्या अंतिम शर्यती झाल्या. शाळा सहावी आली; म्हणजे ऑगस्टची यादीही खोटी ठरली नाही आणि सप्टेंबरची खरी ठरली नाही, दोन्ही पक्षांना वादाला जागा राहिली. भाचा शाळेतला चौथा होता. उंच मुलगा कुबड्या घेऊन दोरीपाशी उभा राहून ओरडत होता, असे बहिणीने कळवले.

महिना झाला नाही तोच एका पहाटे भाच्याचा फोन आला. या वर्षीची यादी आली होती. बारावीची मुले वजा, उरलेल्यांची बेरीज. उंच मुलाचे नाव नव्हते. भाच्याचे होते, राज्यातल्या पहिल्या चाळिसांत.

"बघितलंस का, मामा?" त्याने विचारले. आवाज जरा चढलेला होता.

मी म्हणालो, "बघितलं. नडगी कशी आहे तुझी?"