शहराचं नाव कशानं मोठं होतं

कान्हेरीच्या लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांत कल्याणचं नाव पुन्हा पुन्हा येतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे हे दानलेख आहेत. दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत. डोंगरात राहणाऱ्या भिक्खूंसाठी पाण्याचं टाकं, वाट, लेणं असं काहीतरी करून द्यायचं आणि तिथल्या दगडावर आपल्या नावाबरोबर आपल्या गावाचंही नाव कोरायचं, एवढंच त्यांनी केलं. आपलं गाव शेजारच्या गावापेक्षा थोर आहे, असं त्यांपैकी कुणी लिहिलेलं नाही. तरीही कल्याण हे संपन्न बंदर होतं, हे सांगायला इतिहासकारांना आजही या लोकांची साक्ष काढावी लागते.

साधारण त्याच काळातलं ‘पेरिप्लस’ नावाचं ग्रीक पुस्तक आहे. तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते लिहिलेलं आहे. त्यात कल्याणची वेगळीच हकिकत मिळते. पूर्वीच्या राजाच्या काळात कल्याण ही रीतसर मान्यतेची बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली आणि व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक गलबत कल्याणला लागलंच, तर त्याला पहारा देऊन भडोचला नेलं जाई. भडोच मोठं व्हावं म्हणून कल्याणची वाट बंद करण्यात आली होती.

शहरांच्या चढाओढीचा विचार करताना मला हे दोन पुरावे शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. परक्या ठिकाणी लोकांच्या उपयोगाचं काही करून आपल्या गावाचं नाव वाढवणं ही एक रीत, आणि शेजाऱ्याकडे जाणारं गलबत वळवून आणणं ही दुसरी. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या आपल्या पट्ट्यात दोन्ही रीती आजवर चालत आल्या आहेत.

ठाणे आणि कल्याण यांच्यात मोठं कोण, याचं उत्तर राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेलं. शिलाहारांच्या काळात ठाणे हे श्रीस्थानक होतं. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीतली मानली जाते, आणि मराठेशाहीत कल्याण हा सुभा होता. इंग्रजांनी जिल्ह्याची कचेरी ठाण्यात ठेवली आणि पारडं फिरलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली. कल्याणला रेल्वे पोचली १८५४ च्या मे महिन्यात. जेमतेम एका वर्षाचा फरक, पण ठाणेकरांच्या तोंडी ‘पहिली रेल्वे’ कायमची बसली आणि कल्याण जंक्शन असूनही दुसरंच राहिलं.

पुस्तकांच्या बाबतीत क्रम उलटा होता. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं. ते केवळ मराठी ग्रंथांसाठी होतं हे त्याचं वेगळेपण, आणि त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मुंबईनं ठाण्याच्या पावलावर पाऊल टाकल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे मला मोलाचं वाटतं.

ठाण्याच्या नावाला एक डागही चिकटला. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत चेष्टेनं म्हटलं गेलं. दूरदूरच्या जिल्ह्यांतल्या आजारी माणसांना या शहरानं आसरा दिला, त्यांचे नातेवाईक फिरकेनासे झाले तरी त्यांना सांभाळलं. त्या कामाबद्दल ठाण्याला मान मिळायला हवा होता, मिळाली ती टवाळी. पुढे १९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं राहिलं, तलावांचं शहर ही ओळख रुजली आणि चेष्टा मागे पडली. मनोरुग्णालय मात्र ठाण्याच्या अभिमानाच्या यादीत कधी आलं नाही. शहराची प्रतिमा घडवताना आपण काय दाखवतो याइतकंच काय लपवतो यालाही महत्त्व असतं, ते इथं दिसतं.

डोंबिवली या चढाओढीत फार उशिरा उतरली. तिच्याकडे बंदर नव्हतं, सुभा नव्हता, कचेरी नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबं परवडणाऱ्या जागेच्या शोधात इथं आली. त्यांच्या ट्रंकांतून ग्रंथालयाची सवय, नाटकाचं वेड, गणेशोत्सवातल्या व्याख्यानमाला आणि मुलांच्या शिक्षणाची काळजीही आली. गणेश मंदिर संस्थान १९२४ पासून होतंच, त्याच्याभोवती ही मंडळी जमली. पु. भा. भावे इथं राहिले. शं. ना. नवरे इथंच राहिले आणि त्यांच्या कथांतला मध्यमवर्ग वाचकांना आपल्या शेजारचा वाटला. शहराचं भांडवल म्हणजे त्यात राहणारी माणसं आणि त्यांची रुची, ही कल्पना आपल्या भागात डोंबिवलीनं आणली. कल्याण आपल्या किल्ल्याबद्दल बोलायचं, डोंबिवली आपल्या रहिवाशांबद्दल बोलू लागली.

इथंच कल्याण-डोंबिवलीची कुरबूर सुरू झाली. कल्याणकरांना ही शेजारीण नवश्रीमंत वाटली. आमच्याकडे सुभेदार वाड्याचा गणेशोत्सव आहे, गायन समाज आहे, आनंदीबाई जोशी आमच्या गावच्या, मग संस्कृतीचा मक्ता तुमच्याकडे कसा, हा त्यांचा सवाल. तो रास्तच होता. डोंबिवलीकर म्हणत, आमची गल्ली न् गल्ली सुशिक्षित आहे, तुमचं ते जुनं वैभव. त्यात पु. ल. देशपांड्यांनी मराठी माणसापुढे मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर हा प्रश्न ठेवून दिला होता. शहराला स्वभाव असतो हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि त्या तिघांत न बसणाऱ्या आपल्यासारख्यांना आपलाही स्वभाव सिद्ध करण्याची घाई झाली. डोंबिवलीनं स्वतःला महाराष्ट्राची सांस्कृतिक उपराजधानी म्हणायला सुरुवात केली. हे बिरुद घेताना पुण्याचं पहिलं स्थान आपण मुकाट्यानं कबूल करतो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. स्वतःची मोजपट्टी न करता दुसऱ्याच्या मोजपट्टीवर वरचा आकडा मागायचा, ही सवय तेव्हापासूनची.

रोजच्या जगण्यात ही चढाओढ लोकलच्या दारात दिसे, अजूनही दिसते. कल्याणहून सुटणारी गाडी डोंबिवलीत येते तेव्हा आत शिरायला जागा नसते. म्हणून डोंबिवलीचे प्रवासी डाऊन गाडीनं कल्याणला जाऊन, बसलेल्या जागेवर बसूनच परत येतात. कल्याणला चढणाऱ्यांना गाडी आधीच भरलेली मिळते. त्यावरून शब्दाला शब्द वाढतो, आणि बोलण्याचा शेवट ‘तुम्ही डोंबिवलीवाले’ किंवा ‘तुम्ही कल्याणवाले’ असा होतो. वास्तविक दोघांचंही भांडण अपुऱ्या गाड्यांशी आहे. ‘डोंबिवली फास्ट’ हा निशिकांत कामत यांचा २००५ चा चित्रपट आला तेव्हा त्यातला माधव आपटे डोंबिवलीचा म्हणून ओळखला गेला. त्याचा संताप मात्र कल्याण, बदलापूर, टिटवाळा, कुठल्याही स्टेशनावरून चढणाऱ्याला स्वतःचा वाटला.

१९८३ मध्ये दोन्ही शहरं एका महापालिकेत आली. सुरुवातीला ती केवळ कल्याणच्या नावानं ओळखली जाई, डोंबिवलीचं नाव मागाहून जोडलं गेलं. एकाच तिजोरीतून कुणाला किती मिळालं, आचार्य अत्रे रंगमंदिर तुमच्याकडे तर सावित्रीबाई फुले कलामंदिर आमच्याकडे, असा हिशेब सुरू झाला. सोयींची मागणी करण्यात गैर काही नाही, त्या चढाओढीतून नाट्यगृहं झाली हे चांगलंच झालं. पण त्याच काळात दोन्ही शहरांचा कचरा कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीवर पडत होता. डोंबिवलीच्या स्वच्छ, सुसंस्कृत गल्लीतला कचराही कल्याणच्या खाडीकाठी जाऊन धुमसत होता, आणि त्या धुराबद्दल नाव खराब होत होतं ते कल्याणचं. घनकचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं महापालिका हद्दीत नव्या बांधकामांना मनाई केली, तेव्हा न्यायालयानं कल्याण वेगळं आणि डोंबिवली वेगळी धरली नाही. आधारवाडी बंद व्हायला २०२१ साल उजाडलं. दरम्यान २०१६ च्या सप्टेंबरात स्मार्ट सिटीच्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोघांचीही नावं आली. आता चढाओढ गुणांकनाच्या तक्त्यावर गेली.

डोंबिवलीच्या एमआयडीसीची गोष्टही याच माळेतली. २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांतल्या स्फोटांत माणसं मेली. प्रत्येक वेळी ‘डोंबिवलीची बदनामी’ हा शब्द ऐकू आला. मेलेल्या कामगारांपेक्षा शहराच्या नावाची काळजी आधी बोलून दाखवली जाते, तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. माणसांना सुरक्षित ठेवता येत नसेल तर ते नाव सांभाळून करायचं काय?

डोंबिवलीच्या प्रतिमेतली सर्वांत मोठी पोकळी मला दिसली ती २०१७ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. ‘सांस्कृतिक’ डोंबिवलीत संमेलन येणार यात नवल नव्हतं. पण यजमान कोण, तर आगरी यूथ फोरम. ज्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर ही उपनगरं उभी राहिली, त्या गावांतली मुलं साहित्याच्या मांडवाची मेढ रोवत होती. डोंबिवलीच्या कौतुकाचे लेख तोवर चाळींतून आलेल्या मध्यमवर्गाभोवती फिरत होते. आगऱ्यांचा उल्लेख आलाच तर जमिनीच्या व्यवहारात येई. त्यांची बोली, त्यांची धवलागीतं, त्यांचा गावदेव हे शहराच्या संस्कृतीत धरलं जात नव्हतं. आसपासच्या सत्तावीस गावांचा महापालिकेत यायचं की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला, २०१५ मध्ये गावं पुन्हा आत घेतली गेली, आणि त्यातही कराचा हिशेब पुढे राहिला, माणसं मागे. आगरी तरुणांनी संमेलन घेतलं, आणि डोंबिवलीचं सांस्कृतिकपण कुणाच्या मालकीचं आहे याचं उत्तर बदलून टाकलं. माझ्या मते डोंबिवलीच्या इतिहासात नाव वाढवणाऱ्या ज्या दोन घटना आहेत, त्यांतली ही एक.

दुसरी घटना म्हणजे गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकारानं ती सुरू झाली. पुढे ठाण्यात कौपिनेश्वराच्या न्यासानं ती उचलली, गिरगावात निघाली, मग महाराष्ट्रभर गावोगावी निघाली. आज गिरगावच्या यात्रेचे फोटो सगळीकडे झळकतात, आणि ही प्रथा कुठून आली हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डोंबिवलीकर यावर कधी चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवरून निघालेली गोष्ट सगळ्यांची झाली. शेजाऱ्याकडचं गलबत न वळवता असं नाव वाढवता येतं.

मी विठ्ठलवाडीला राहतो, म्हणून हे सगळं मला थोडं बाजूनं दिसतं. विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. बाहेर एसटीचं आगार आहे. मुंबईत कुणी विचारलं तर इथला माणूस ‘कल्याणला राहतो’ म्हणतो, आणि कल्याण पश्चिमेत विचारलं तर तिथला माणूस ‘विठ्ठलवाडी म्हणजे उल्हासनगरच की’ म्हणतो. मोठ्या शहरांची प्रतिमा घासूनपुसून लखलखीत करताना जो मळ निघतो तो असा हद्दीवर ढकलला जातो. कल्याण पूर्वेचं नाव कल्याणच्या ऐतिहासिक नगरीत क्वचित धरलं जातं. उल्हासनगरची गत त्याहून वाईट. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला हे नाव मिळालं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही सगळ्यांनी शाळेत ऐकला. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी एका पिढीत कारखाने आणि बाजार उभे केले, त्या शहराला आमच्याकडून मिळालं ते हे. कल्याण आणि डोंबिवली आपसांत भांडत असली, तरी उल्हासनगरला हसायला दोन्ही एक होत.

या हद्दीवरून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथच्या वरच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून जाते, मग उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण ओलांडून उल्हास नदीला मिळते. अंबरनाथच्या कारखान्यांचं रसायन, उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या धंद्यांचा रंग आणि सगळ्यांचं सांडपाणी तिच्यात उतरत आलं आहे. प्रत्येक शहर वरच्या शहराकडे बोट दाखवतं, आणि आपली घाण पुढच्याकडे सोडतं. उल्हास पुढे डोंबिवलीच्या रेतीबंदरापाशी, मग मुंब्रा, मग ठाण्याच्या खाडीकडे जाते. त्यामुळे उल्हासनगरनं घाण अडवली तर पहिला फायदा कल्याणला होईल, कल्याणनं अडवली तर डोंबिवलीला, आणि डोंबिवलीनं अडवली तर ठाण्याला. ज्याच्या खर्चानं पाणी स्वच्छ होईल त्याच्या काठी ते दिसणारही नाही, म्हणूनच या कामाला कुणी हात घालत नाही. विठ्ठलवाडीच्या माणसाला आपण नक्की कुठल्या शहराचे हे ठरवायला मुभा आहे. या शहरांपैकी जे आधी नाल्यांच्या तोंडाशी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवील आणि ती रात्रंदिवस चालू ठेवील, त्या शहराचा रहिवासी म्हणून मी यापुढे माझं नाव सांगेन.