नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

मराठी भाषेत एका टिंबाचं वजन फार. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून 'नाव ठेवते', आणि त्या दिवसापासून सगळे नातेवाईक मिळून त्याला जन्मभर 'नावं ठेवतात'. पहिल्या कामाला निदान घुगऱ्या तरी मिळतात. दुसरं लोक विनामोबदला आणि जास्त आवडीनं करतात. आम्हा कॉमर्सवाल्यांना तर हा शब्द आणखीच जड जातो. आमच्या खतावणीत एक बाजू 'जमा' आणि दुसरी 'नावे'. माणसाच्या खात्यात जमा फारसं काही होत नाही. पडतं ते नावेच.

माझं नाव किरण. वडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं. हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बँकेच्या मात्र आलं, आणि तेही चुकीच्या बाजूनं.

२०१० साली माझी मुरबाडला बदली झाली. हुकमावर 'श्रीमती किरण' असं छापलेलं. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणहून येष्टी. इकडे शाखेतल्या दोन भगिनींना तिसरी मैत्रीण मिळणार म्हणून कोण आनंद! त्यांनी स्वागताला अबोलीचा गजरा आणून ठेवला होता. येष्टीच्या दांड्याला लोंबकळत, मिशीवर धुळीचा थर घेऊन श्रीमती किरण दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तो गजरा निमूटपणे लक्ष्मीच्या तसबिरीला गेला.

पण कागदावर मी श्रीमतीच राहिलो. पगाराच्या स्लिपवर श्रीमती. सणाच्या शुभेच्छापत्रावर श्रीमती. शिपाई तर सरळ म्हणायचा, "किरणताई, साहेब बोलावतायत." पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांबरोबर खो खो हसलो. दुसऱ्या आठवड्यात नुसता हसल्यासारखा चेहरा केला. तिसऱ्या आठवड्यापासून चहाला जाणं सोडून दिलं. चौथ्या आठवड्यात पहिला अर्ज लिहिला. चार महिन्यांत सात अर्ज, प्रत्येक तीन प्रतींत, आणि प्रत्येकाचा शेवट 'तरी मी पुरुष आहे याची कृपया नोंद घ्यावी' असा. पाचव्या अर्जाचं उत्तर आलं, त्याची सुरुवात होती : 'श्रीमती किरण यांस, आपला अर्ज पोहोचला.'

आज सांगताना गंमत वाटते. त्या वेळी सकाळच्या येष्टीत बसताना पोटात गोळा यायचा. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रोज सकाळी दहा वाजता आपण कोण ते इतरांनी ठरवायचं आणि आपण ते संध्याकाळपर्यंत अंगावर वागवायचं, हे प्रकरण सहन होत नाही. शेवटी आठवा अर्ज लिहायच्या आत मी पुरुष झालो. मंजुरीचं पत्र अजून जपून ठेवलंय.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी किन्हवली-सरळगावचा रस्ता ओलांडून शहापूरला आलो. मुंबईला भातसा-तानसाचं पाणी पाजून उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट बघणारा हा तालुका. इथे माणसं सोशिक. बँकेतही तासभर उभी राहतील, पण कुरकुर करणार नाहीत. अशाच एका सोमवारी माझ्या काउंटरपुढे तिशी ओलांडलेली एक बाई येऊन उभी राहिली. सुती साडी, हातात प्लॅस्टिकची फाईल.

"सर, ओळखलंत? मी मुरबाडला तुमच्याकडेच आले होते, खातं उघडायला."

मी फाईल उघडली. खातं मुरबाडचं होतं, माझ्याच अक्षरातल्या फॉर्मवर उघडलेलं. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी. आणि आता समोर राजपत्राची प्रत, नवं आधार, नवं पॅन. सगळीकडे एका बाईचं नाव. (ते नाव इथे लिहिणार नाही. आधीचंही नाही. खातेदाराची गुपितं राखायची लेखी हमी नोकरीला लागतानाच दिलेली असते.)

तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पाटीवर नवं नाव. पण ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका मोबाईलवरून पैसे पाठवत, तेव्हा पडद्यावर खात्याचं जुनं नाव यायचं. मग 'अगं बाई, हे कुणाचं?' असा प्रश्न, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. ब्लाउजचे पैसे मिळायच्या आधी आयुष्याचा हिशेब द्यायचा. "तेवढं नाव बदलून द्या सर," ती म्हणाली.

"देऊ की. एवढी काय घाई आहे?" हे मी म्हणालो. सात अर्ज लिहिणारा मी.

तिनं पासबुक भरायला दिलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. हॉल गच्च भरलेला. पासबुक छापून झालं, मी सवयीनं पडद्यावरचं नाव वाचलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं. आडनावासकट. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं, आणि वर म्हणालो, "अरे, कुठे गेला हा?"

कोपऱ्यातून ती उठली. हॉलमधली सगळी डोकी वळली. कुणीतरी फिस्सकन हसलं. ती काउंटरकडे आलीच नाही. सरळ दाराबाहेर गेली. पासबुक माझ्या हातात राहिलं. समोर तिचं टोकन पडलं होतं : सत्तावीस. नुसतं 'सत्तावीस' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. सांगताना माझी बाजू जरा उजळ करून सांगितली. म्हटलं, "सवय असते गं जिभेची. इतक्या वर्षांचं नाव एका दिवसात कसं बदलणार?"

तिनं आमटी वाढता वाढता विचारलं, "लग्नात माझं नाव कुणी बदललं?"

"मी."

"कशानं?"

"अंगठीनं. ताटातल्या तांदळात लिहून."

"आणि तुमच्या आईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या नावानं हाक मारली? एकदाही चुकल्या नाहीत. तांदळात बोटभर लिहिलेलं तुम्हाला चालतं, आणि सरकारनं राजपत्रात छापलेलं चालत नाही होय? शिवाय तिनं आपलं आपण बदललंय. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

आमटीत मीठ होतं की नव्हतं, ते त्या रात्री मला कळलं नाही.

पडल्या पडल्या हिशेब मांडू लागलो. जीभ वळत नाही म्हणतो, पण वळायला कुठे वळत नाही? व्हीटीचं १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ साली सीएसएमटी झालं. गाडी तीच, गर्दी तीच, जीभ दोन्ही वेळा वळली. १ ऑगस्ट २०१४ रोजी आमच्या ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला. जव्हार-मोखाड्याची माणसं आदल्या रात्री ठाणेकर म्हणून झोपली आणि सकाळी पालघरकर म्हणून उठली. त्यांना कुणी खाजगीत गाठून 'पण खरं सांगा, मूळचे ठाण्याचेच ना?' असं विचारलं नाही. अहो, आम्हा क्लार्कांनासुद्धा आता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. एवढं लांब नाव माझ्या सासुरवाडीनं पाठ केलं.

बरं, हे झालं नावाचं. 'तो'ची 'ती' करायला जीभ अडते म्हणावं, तर आषाढी आली की सगळा महाराष्ट्र काय म्हणतो? 'माउली निघाली.' ज्ञानेश्वर पुरुष, पांडुरंग पुरुष. पण एक माउली आणि दुसरी विठाई. सातशे वर्षं आपण हे बोलतो आहोत. व्याकरणाचे मास्तरसुद्धा टाळ वाजवताना लाल पेन काढत नाहीत. प्रेम असलं की लिंग-वचन आपोआप जुळतं. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं एका तृतीयपंथी माणसाला सरपंच म्हणून निवडून दिलं. गाव त्यांना काय म्हणतं? माउली.

आणि खरं तर आपली मराठी फार सोयीची भाषा आहे. इंग्रजीत 'आय केम' म्हटलं तर कोण आलं ते कळत नाही; मग विचारावं लागतं. मराठीत माणूस तोंड उघडताच सांगून मोकळा होतो. 'मी आलो' की 'मी आले', एका मात्रेत सगळं. तिनं काउंटरवर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, 'आले होते.' मला फक्त ऐकायचं होतं. आणि ऐकायचं राहिलंच, तर त्यालाही उपाय आहे. 'तू आलास', 'तू आलीस' यांत घोटाळा होतो. 'तुम्ही आलात' यात होत नाही. समोरच्याला आदरानं 'तुम्ही' म्हटलं की क्रियापद स्त्री-पुरुष बघतच नाही. अडचण 'अरे-तुरे' करणाऱ्यांनाच येते. अपमान करायचा तरच आपण तिसरं लिंग शोधतो. 'ते बघ आलं' असं म्हणतो, जणू विजेचा खांबच चालत आलाय.

माझ्यातला हिशेबनीस मात्र लगेच पटवून घेत नाही. तो विचारत होता, 'पण खरं काय? व्हाउचर कुठेय?' मग मीच त्याला विचारलं : अरे, खातेदाराची सही बदलली की आपण काय करतो? नवा नमुना घेतो आणि त्यावर चेक पास करतो. 'तुमची खरी सही जुनीच' असं म्हणत नाही. सही ज्याची त्यानंच करायची असते. बाकी मागची शिल्लक पुढे ओढली जातेच. नवीन पानावर माणूस शून्यापासून सुरू होत नाही. नाव बदलल्यानं कुणाचं काही बुडत नाही. न बदलल्यानं मात्र एक माणूस बँकेच्या दारातून परत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन फाइली काढल्या. बँकेतल्या माणसाला पश्चात्तापसुद्धा कागदपत्रांनिशी करावा लागतो. तृतीयपंथीयांनी स्वतःचं लिंग स्वतः सांगावं, हा त्यांचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी म्हटलं होतं. त्या खटल्यात आमच्या ठाण्याच्याच लक्ष्मीनारायण त्रिपाठीही सामील होत्या. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' असं नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलं. इतरांनी ठेवलेलं आणि स्वतः घेतलेलं, दोन्ही एका ओळीत. त्यानंतर २३ एप्रिल २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना कळवलं की तुमच्या फॉर्मांवर तृतीय लिंगाचा रकाना ठेवा. ते परिपत्रक आमच्या फायलीत होतं. त्यावर 'वाचले' म्हणून सही होती. सही माझी होती.

रकाना आला म्हणजे प्रश्न सुटला असं नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तर तो फेटाळला गेला. त्या म्हणत होत्या, मी स्त्री आहे. कागद म्हणत होता, तुम्ही तिसऱ्या रकान्यात बसा. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि त्या निवडूनही आल्या. गावानं मतपत्रिकेची भानगड न करता मत दिलं. बहुतेकदा गाव शहाणं असतं. खोळंबा टेबलावर होतो. म्हणजे माझ्यासारख्याकडे.

त्याच दिवशी मी तिचं प्रकरण पूर्ण करून साहेबांच्या सहीला पाठवलं. नवं नाव आंघोळ करताना, भाजी आणताना घोकलं. पंधरा दिवसांनी ती आली. मी टोकन बाजूला ठेवलं आणि भाषणच सुरू केलं : त्या दिवशी माझं फार चुकलं, मी पालघरचा विचार केला, माउलीचा विचार केला...

"सर," ती हळूच म्हणाली, "मागे लाइन आहे."

माफीसुद्धा समोरच्याला ओशाळवाणं न करता, दोन शब्दांत मागावी, हे माझ्या सात अर्जांच्या अनुभवात बसलं नव्हतं. मी "चुकलो" एवढंच म्हणालो. ती हसली. मग म्हणाली, "मुरबाडला मी फॉर्म भरत होते ना, तेव्हा तो शिपाई तुम्हाला किरणताई म्हणाला होता. सगळे हसले. तुमचा चेहरा एवढासा झाला होता. मी बघितलं होतं. म्हणून तर इथे तुम्हाला बघून तुमच्याच लाइनीत उभी राहिले. म्हटलं, या सरांना सांगावं लागणार नाही."

यावर बोलण्यासारखं मला काही सुचलं नाही. मी पासबुक मशीनमध्ये घातलं. पहिल्या पानावर नवं नाव कर्रकर्र करत उमटलं. तोवर ती बाकावर जाऊन बसली होती. मी नाव पुकारलं. आडनावासकट, एकदाच, नेहमीच्या आवाजात. ती उठून आली. हॉलमध्ये कुणीही वळून बघितलं नाही.