माणसाची वाढ आणि आपला निकाल

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईने कन्नड अक्षरे गिरवायला घेतली. तिचे वय ७९ आणि शिक्षण मराठी चौथी. वडील गेल्यावर ती गाव सोडून आमच्याकडे राहायला आली. पंधरवड्यातून एकदा धाकट्या बहिणीला भेटायला जाते, तेव्हा बसची पाटी वाचण्यासाठी तिला कुणाला तरी विचारावे लागते. आमच्या सीमाभागात कन्नड कानांना परके नाही. बाजारात आई ते बिनधास्त बोलते. तिचे अडते ते पाटीपाशी. म्हणून नववीतल्या नातीला तिने गुरू केले.

ती पाटी पाहून मी हसलो. म्हटले, “आई, आता या वयात कशाला हा त्रास?”

पेन्सिल खाली न ठेवताच ती म्हणाली, “अक्षरं कडबोळ्यासारखी आहेत, वळायला वेळ लागतो. पण तू शाळेतल्या पोरांनाही असंच सांगतोस काय रे?”

तिच्या मनात काही नव्हते, सहज बोलली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण असे मी एकदा खरोखरच सांगितले होते.

गोष्ट १९९९ सालची. मला नोकरी लागून पाच वर्षे झाली होती आणि मुले ओळखण्याची कला आपल्याला साधली आहे, असा माझा समज होता. नववीत दुसऱ्यांदा नापास झालेल्या एका मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतले आणि म्हणालो, “आप्पा, याची वाढ एवढीच. उगाच पैसे घालवू नका, कामाला लावा.” आप्पांनी मास्तरांचा शब्द मानला. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो आपल्या मुलीचा दाखला करायला आला. आता त्याचे गॅरेज आहे. मुलीचा अर्ज त्याने मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत स्वतः भरला. कन्नड तो गिऱ्हाइकांच्या बिलांवरून शिकला म्हणे. मी ओशाळून त्या जुन्या दिवसाचा विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही खोटं नव्हता बोलला. मला त्या वर्षी खरंच काही येत नव्हतं. फक्त ‘त्या वर्षी’ असं तुम्ही म्हणाला नाही.”

तीस वर्षांच्या नोकरीत याहून नेमकी चूक मला कुणी दाखवून दिली नाही. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. माणसाची वाढ संपली, असा निकाल देण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाला आहे काय?

शरीरापुरता या प्रश्नाला अर्थ आहे. विशीच्या आसपास हाडांची टोके जुळून येतात आणि उंची थांबते. कायदा तर याहून कडक. २८ मार्च १९८९ रोजी ६१वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. आदल्या रात्री अजाण म्हणून झोपलेले कितीतरी तरुण सकाळी जाणते होऊन उठले. त्यांतला मीही एक. व्यवहाराला अशी रेषा लागतेच. पण रेषा आखणाऱ्याने ती माणसाच्या आत असते असे समजू नये.

आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले. प्रत्येक आश्रमाला त्याचे वेगळे काम दिले, म्हणजे शेवटच्या आश्रमालाही काम उरलेच. पश्चिमेकडे एरिक एरिक्सन यांनी १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. बाळपणी जगावर विश्वास ठेवावा की नाही, हा पहिला पेच. माझ्या वयाचा पेच असा की, पुढच्या पिढीसाठी काही करावे की स्वतःभोवती साचून राहावे. शेवटचा पेच, जगलेल्या आयुष्याशी समेट करावा की हळहळत राहावे. एरिक्सन १९९४ साली वारले. त्यांच्या पत्नी जोन यांनी १९९७ साली या यादीत अतिवृद्धांचा नववा टप्पा घातला. तेव्हा त्या स्वतः नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. तो टप्पा दिसायला त्या वयापर्यंत पोचावे लागले.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण तर आपल्या घरातले. सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा कोकणातल्या मुरूडहून भर पावसात, डोंगर ओलांडून, चार दिवस पायी चालत साताऱ्याला गेला. तिथे त्याला परीक्षेला बसू दिले नाही. का, तर तो वयाने लहान दिसतो! नुसत्या रूपावरून दिलेला तो निकाल. पुढे १९१६ साली, ५८ व्या वर्षी, त्याच माणसाने महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समता संघ. साताऱ्याच्या परीक्षकांना दुष्ट म्हणवत नाही. त्यांनी त्या दिवशीचा मुलगा पाहिला आणि तेवढाच माणूस असे धरले. मीही तेच केले. माझ्या विद्यार्थ्याचे कर्वे झाले नाहीत. पण व्हायलाच हवे होते असे कुठे आहे? आपल्या मापाने दहावीपर्यंत जाण्याचा त्याचा हक्क मी काढून घेतला, एवढे पुरेसे आहे.

यावर माझे सहकारी म्हणतात, “सर, मग नापास कुणाला करायचंच नाही काय?” आक्षेप रास्त आहे. खोटी शाबासकी हीही एक फसवणूकच. ज्याला ३५ पैकी १२ गुण पडले, त्याला १२ च सांगितले पाहिजेत. पण गुण हे मोजमाप आहे आणि ‘याची वाढ एवढीच’ हे भविष्य आहे. मोजण्याचे काम मास्तराचे. भविष्य सांगायला त्याला कुणी नेमलेले नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. सगळेच बदल म्हणजे वाढ नव्हे. वयाबरोबर माणसे आकसतातही. स्मरण जाते, हात थरथरतात, काहींचा स्वभाव आंबतो. हे मी घरात पाहिले आहे. शेवटच्या वर्षी वडील माझे नाव विसरत. पण जेवायला बसले की ताटातला घास आधी नातीपुढे धरीत. त्या घासाला मी ऱ्हास कसा म्हणू? एकीकडे ओसरणारा माणूस दुसरीकडे भरत असतो, आणि आपण नेमके ओसरणाऱ्या बाजूला उभे राहून निकाल देतो.

‘अपुरा’ हा शब्द आपण दोष म्हणून वापरतो. मला आता तो आदराचा वाटू लागला आहे. समोरचा अजून अपुरा आहे असे मानणे म्हणजे त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे. नवरा-बायको वीस वर्षांनी एकमेकांना ‘तुझा स्वभावच असा’ म्हणतात, मुले बापाला ‘तुम्ही बदलणार नाही’ म्हणतात, शेजारच्या भाषेच्या माणसांविषयी आपण आणि आपल्याविषयी ते ‘ही माणसं अशीच’ म्हणतात, तेव्हा ही दारे एकेक करून लागत जातात. आणि जो स्वतःला पुरा झालेला समजतो, त्याने तर आतून कडी घातलेली असते. १९९९ साली वाढ थांबली होती ती त्या मुलाची नव्हे, माझी.

प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना मी हल्ली ‘या वर्षी’ हे दोन शब्द आधी लिहितो. याने ते गेलेले वर्ष परत येत नाही, हे मला कळते.

आईची परीक्षा नवरात्रात झाली. जोडाक्षरांत ती घसरली. नातीने १० पैकी ६ गुण दिले आणि एकही वाढवून दिला नाही. आईने वही उलटसुलट करून पाहिली, चुका कुठे झाल्या ते विचारून घेतले आणि म्हणाली, “बरं. पुढची परीक्षा कधी?”