खबर मिळाली तरच वाट बदलता येते



"मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. मधुमेहाच्या बाबतीत ते फार घातक आहे, कारण हा आजार वर्षानुवर्षे दुखत नाही. वाढलेली तहान, थकवा, रात्री वारंवार लघवीला उठणे, या साऱ्याला आपण वयाचे किंवा शहरी धावपळीचे नाव देतो. तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा झिजू लागलेल्या असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त आहे. त्यांतील अनेकांना आपला आजार ठाऊकच नाही.

"तकदीरीत असेल ते होईल," असे म्हणणाऱ्यांनी हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. शामच्या वाटेवर सरग येथे त्यांना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचे ठरविले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. ध्यानात घ्या, खबर मिळाली म्हणूनच ते वळू शकले. रक्ताची तपासणी ही आपल्या शरीराची तशीच खबर आहे, आणि शरीर ही तर अल्लाहची अमानत!

काहीजण तपासणी टाळतात ते डॉक्टर रोजे बंद करतील या भीतीने. वास्तविक अनेक मधुमेही वैद्यकीय सल्ल्याने रोजे ठेवतात. आणि ज्याला ते झेपत नाहीत, त्या आजाऱ्याला पवित्र कुरआनाने सूरह अल्-बकरामध्ये सवलत दिली आहे. आजार ठाऊकच नसलेला मात्र सवलतही घेऊ शकत नाही आणि काळजीही.

आपल्या घरांत सर्वांना वाढून शेवटी जेवणारी आई तपासणीच्या रांगेतही शेवटीच उभी असते. (बहुधा उभीच राहत नाही!) तिला आधी न्या. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासली जाते. उपाशीपोटी ती 126 किंवा अधिक आली, तर पुन्हा तपासून खात्री करतात. शाबान महिन्यातच हे उरकावे. रमजान उजाडलाच, तरी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलमा सांगतात.