तक्रार कोणाकडे द्यायची?

खेळाडूने नियम मोडला तर त्याला शिक्षा करणे फारसे अवघड नसते. पंच असतो, शिट्टी असते, आता कॅमेराही असतो. पण ज्याने पंच नेमले, वर्गणी गोळा केली, बक्षिसाचा आकडा ठरवला, त्या अध्यक्षाविरुद्धच तक्रार असेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. गावातल्या क्रीडा मंडळापासून जागतिक महासंघांपर्यंत ही पंचाईत सारखीच आहे.

आमचे आसगाव पवनी तालुक्यातले, चौरास पट्ट्यातले. धानाची मळणी आटोपली, माणसांच्या हाताला जरा उसंत मिळाली की या भागात कबड्डीचे सामने लागतात. पत्रकावर बक्षिसांच्या खाली एक ओळ हमखास छापलेली असते : पंचांचा निर्णय अंतिम राहील. अशाच एका ५५ किलो वजनगटाच्या सामन्यांत मी गुण लिहायला टेबलावर बसलो होतो. आयोजक मंडळाच्या अध्यक्षांचा स्वतःचा संघही मैदानात होता. त्या संघातला एक चांगला दणकट गडी काट्यावर चढला. अध्यक्षांच्या पुतण्याने आकडा पाहिला आणि दुसरे कोणी वाकून बघायच्या आत ‘चोपन’ असे ओरडून वहीत लिहूनही टाकले. समोरच्या संघाचा कर्णधार माझ्याजवळ आला. म्हणाला, “भाऊ, तक्रार देतो तं कोनाले देऊ? काटाबी त्यायचाच, वहीबी त्यायचीच.” तरी त्याने फी भरून लेखी तक्रार दिली. ती ऐकायला अध्यक्ष, सचिव आणि अध्यक्षांचे एक नातलग बसले. चहा संपायच्या आत तक्रार फेटाळली गेली.

ते अध्यक्ष लबाड होते असे मी म्हणणार नाही. मंडपाची, दिव्यांची, पंचांच्या मानधनाची पहिली पावती त्यांच्याच नावाने फाटायची. म्हणूनच त्यांना काही विचारायला कोणाची जीभ उचलत नसे. क्रीडा संघटनांमध्ये भीतीपेक्षा उपकारांचे ओझे माणसाला जास्त गप्प बसवते.

हेच मोठ्या मैदानावर २०१३ मध्ये दिसले. आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंग आणि सट्टेबाजीचे प्रकरण निघाले, त्यात बीसीसीआयचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना अटक झाली. चेन्नईचा संघ तेव्हा श्रीनिवासन यांच्याच इंडिया सिमेंट्सचा होता. चौकशीसाठी दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली ती बोर्डानेच, आणि समितीला काही गैर आढळले नाही. बिहार क्रिकेट संघटनेचे आदित्य वर्मा मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०१३ रोजी न्यायालयाने ती समितीच बेकायदेशीर ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालय, मुद्गल समिती, लोढा समिती असा प्रवास झाला. पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये संघ घेता यावा म्हणून २००८ मध्ये केलेला नियमबदल जानेवारी २०१५ मध्ये रद्द झाला. जुलैमध्ये मय्यप्पन यांच्यावर आजन्म बंदी आली, चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षे बाहेर बसले.

यातला एक तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने भारतीय मंडळाच्या कामकाजापासून दूर ठेवलेले श्रीनिवासन जून २०१४ मध्ये आयसीसीचे अध्यक्ष झाले. घरी ज्याच्यावर चौकशी चालू आहे, त्याला जगाच्या खुर्चीवर बसण्यापासून रोखू शकेल असे तिथे कोणी नव्हते.

फुटबॉलची कथा निराळी नाही. फिफाने २०१२ मध्ये नीती समितीचे दोन भाग केले, तपास करणारा वेगळा आणि निवाडा देणारा वेगळा. कागदावर व्यवस्था उत्तम होती. तपासप्रमुख मायकेल गार्सिया यांनी २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांच्या यजमानपदावर सविस्तर अहवाल दिला. निवाड्याच्या बाजूने त्याचा फक्त सारांश बाहेर आला. तो अपुरा आणि चुकीचा असल्याचे सांगून गार्सिया यांनी डिसेंबर २०१४ मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी याच व्यवस्थेने फिफाचे अध्यक्ष ब्लाटर आणि युरोपीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्लातिनी यांच्यावर आठ वर्षांची बंदी घातली, हेही मान्य करायला हवे. पण मे २०१७ मध्ये दोन्ही विभागांच्या प्रमुखांना मुदतवाढच मिळाली नाही. शेकडो प्रकरणे प्रलंबित असल्याचे ते जाताना सांगून गेले. ज्यांची चौकशी करायची, त्यांच्याच मर्जीवर चौकशी करणाऱ्याची नोकरी अवलंबून असली की असेच व्हायचे.

आमच्या शेजारच्या नागपूरचे शशांक मनोहर नोव्हेंबर २०१५ मध्ये श्रीनिवासन यांच्या जागी आयसीसीवर गेले. त्याच सुमारास भारतीय मंडळाने तक्रारी ऐकायला न्या. अजित प्रकाश शाह यांना लोकपाल नेमले. मे २०१६ मध्ये मनोहर आयसीसीचे पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले, त्यासाठी त्यांनी भारतीय मंडळाचे अध्यक्षपद सोडले. देशाचे मंडळ आणि जागतिक संस्था या दोन खुर्च्या एका माणसाकडे नसाव्यात, ही साधी गोष्ट रुजायला इतकी वर्षे लागली.

दुसरी बाजूही आहे. तक्रारीची खिडकी उघडली की तिथे हौशी तक्रारदारही रांग लावतात. २०१९ मध्ये बीसीसीआयचे नीती अधिकारी न्या. डी. के. जैन यांच्यापुढे सचिन तेंडुलकर, राहुल द्रविड यांच्याविरुद्ध परस्परविरोधी हितसंबंधांच्या तक्रारी आल्या. इंडिया सिमेंट्समधून रजा घेऊन राष्ट्रीय क्रिकेट अकादमीची धुरा सांभाळणाऱ्या द्रविडला खुलासे द्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये तो निर्दोष ठरला. अशा तक्रारींचा मनस्ताप होतो, तरी खिडकी बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. पोकळ तक्रार लवकर, कारणे देऊन निकाली काढणे हेही न्यायाचेच काम आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा मंजूर केला. त्यात राष्ट्रीय संघटनांसाठी नीती समिती आणि तंटा निवारण समिती आहे, वाद सोडवायला क्रीडा न्यायाधिकरणही आहे. समित्या होतील, पाट्याही लागतील. आपण ज्या मंडळाचे, जिल्हा वा राज्य संघटनेचे सभासद असू, तिच्या येत्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत : तक्रार ऐकणाऱ्याला कोण नेमतो, त्याला कोण काढू शकतो आणि त्याचा निकाल सगळ्यांना वाचायला मिळतो का? पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘अध्यक्ष’ असेल, तर ती समिती असून नसल्यासारखी आहे.