थांबण्याची पाळी

तिबेटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ५,०६८ मीटर उंचीवर, टांगुला नावाचे रेल्वेस्थानक आहे. १ जुलै २००६ रोजी गोलमूड ते ल्हासा हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून जगातील सर्वांत उंच स्थानक म्हणून त्याची ख्याती आहे. आसपास गाव नाही, झाड नाही. याच पर्वतरांगेतील हिमनद्यांपाशी यांगत्से नदी उगम पावते. स्थानक कर्मचाऱ्यांवाचून चालावे, अशीच त्याची योजना झाली. प्रवासी डब्यात पुरविलेला जादा प्राणवायू घेत, बंद काचेतून ते पाहतो आणि पुढे जातो.

जेथे कोणी चढत-उतरत नाही, असे स्थानक कशासाठी? मार्ग एकेरी आहे. समोरच्या गाडीला वाट मिळावी म्हणून एका गाडीने बाजूच्या रुळावर थांबावे लागते. थांबणे हेदेखील प्रवासाचेच अंग आहे.

किंबहुना हा सारा मार्गच संयमावर उभा आहे. त्याखालील सुमारे ५५० किलोमीटर जमीन बारमाही गोठलेली असते. ती तापली तर खचते. म्हणून कोठे पूल बांधले, कोठे जमिनीतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या अमोनियाच्या नळ्या रोवल्या. चिरू हरिणांच्या स्थलांतरासाठी ३३ वाटा मोकळ्या ठेवल्या. निसर्गाला वाव दिला, तेव्हा माणसाला वाट मिळाली.

परंतु नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. दुसऱ्याला वाट देणे हा सद्गुण खरा, पण केव्हा? आज एक थांबला आणि उद्या त्याच्यासाठी दुसरा थांबला, तर ते सौजन्य. थांबणे नेहमी एकाच्याच वाट्याला आले, तर ती सक्ती होय. तिला संयमाचे नाव देणे ही आत्मवंचना. याक आणि मेंढ्यांचे कळप घेऊन पिढ्यान् पिढ्या या पठारावर राहिलेल्या पशुपालकांच्या कुरणांतून गाडी धावते. मार्ग कोठून जावा, हे मात्र दूर बीजिंगमध्ये ठरले.

हे परक्या मुलुखापुरते नाही. आपल्या एकत्र कुटुंबांतही ‘समजूतदार’ म्हणून जिचा गौरव झाला, ती बहुधा तीच असे, जिची पाळी कधी आलीच नाही. तिच्या त्यागाचे आपण कौतुक केले आणि आपली गाडी पुढे नेली.

म्हणून कोणाच्या संयमाची स्तुती करण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्याच्यासाठी आजवर कोण थांबले.