पाकोळीचे रान

अधिवास म्हटला की भंडाऱ्यात डोळ्यांसमोर जंगल येते. २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला जागा लागते, हे आपल्याला पटले आहे. पण दिवेलागणीला कवेलूंच्या फटीतून सुटून तलावावर किडे टिपायला जाणारी पाकोळी, तिचे रान कोणते? मला वाटते, आपले घरच. आणि ते मोडत असल्याची नोंद कुठल्याही नकाशात होत नाही.

ही पाकोळी म्हणजे छोटे वटवाघूळ, व्हेस्परटिलिओनिडी कुळातले. वटवाघळांचे हे सर्वांत मोठे कुळ. पाचशेहून अधिक जाती, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत. यातली एक जात महासागर ओलांडून हवाई बेटांवर पोचली. आपणहून पोचलेला जमिनीवरचा दुसरा कोणताही सस्तन प्राणी आज तिथे नाही. केशरी-काळ्या पंखांचे एक देखणे वटवाघूळ केळीच्या वाळल्या पानात झोपते. कोणी ढोलीत राहते, कोणी सालीखाली, कोणी ताडाच्या झावळ्यांत. मिळेल त्या फटीत संसार मांडण्याची ही तयारीच कुळाला जगभर घेऊन गेली असावी.

तीच तयारी आज अंगाशी येते आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेत राउटनचे वटवाघूळ राहते. ते वेगळ्या कुळातले, दुर्मीळ. कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले. गुहा राखली की तेही राखले जाते. हजार घरांत विखुरलेल्या पाकोळीसाठी राखायचे काय?

उत्तराचा एक धागा स्पेनमध्ये आहे. एब्रो नदीच्या मुखाशी धानाची शेती आहे. तिथे शेतांत लाकडी पेट्या लावल्या. याच कुळातल्या पाकोळ्या त्यांत राहू लागल्या, आणि त्या वाढल्या तसा खोडकिड्याचा उपद्रव घटत गेला. तिथला खोडकिडा आपल्याकडच्या पिवळ्या खोडकिड्याहून निराळा, पण तोही रात्री उडणारा पतंगच. आपल्या बांधीत असा प्रयोग व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

कवेलू जाऊन स्लॅब येतो, याचे दुःख करण्यात अर्थ नाही. गळके छप्पर दरवर्षी फेरणाऱ्या माणसाला पक्के घर मिळालेच पाहिजे. वटवाघळांची भीतीही समजते; पण निपाहचा विषाणू प्रामुख्याने फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत आढळतो. उघड्या हाताने मात्र कोणत्याच वटवाघळाला धरू नये. घरकुलाच्या नकाशात छज्ज्याखाली, बाहेरच्या बाजूने, बोटभर रुंदीची एक फट ठेवली तर घरात काही शिरत नाही. गवंड्याला त्यासाठी वेगळे सामान लागत नाही. जुने घर पाडायचेच असेल, तर पिले उडती होईपर्यंत थांबता येईल.